जुनी बीन हाती आल्यावर

जुनी बीन मिळवणं ही लोकांना वाटते तेवढी कठीण गोष्ट नाही. संस्थानं विलीन झाली, वाडे विकले गेले, कलावंतांच्या घरातली पुढची पिढी नोकरीधंद्याला लागली, आणि माळ्यावरची, दिवाणखान्यातली वाद्यं हळूहळू बाजारात आली. चिकाटी असेल, चार जुन्या वस्तूवाल्यांशी ओळख असेल आणि खिशात बऱ्यापैकी पैसे असतील, तर दोन भोपळ्यांची एखादी रुद्रवीणा आजही नजरेस पडते. (गारुड्याच्या पुंगीलाही बीन म्हणतात, ती इथे अभिप्रेत नाही.) ती घरी आणली की मात्र खरा शोध सुरू होतो. ती वाजती करणारा कारागीर कुठे आहे? वाजवायला शिकवणारा गुरू कुठे आहे? हे दोघं भेटले नाहीत, तर आपल्याकडे असते ती नुसती नक्षीदार दांडी. पुढची प्रकरणं या दुसऱ्या शोधाबद्दल आहेत. किमतीचे अंदाज आणि बाजारातले पत्ते हवे असणाऱ्यांची इथे निराशा होईल.

आधी वाद्याबद्दल थोडं. सतार, सरोद, सारंगी या सगळ्यांना पोट असतं. तार त्या पोटावर बसवलेल्या घोडीवरून जाते आणि पोट घुमतं. बिनेला पोट नाही. तिला असते साधारण साडेचार-पाच फुटांची लाकडाची, क्वचित बांबूची, पोकळ दांडी. तिच्या खाली दोन टोकांकडे दोन मोठे भोपळे बांधलेले असतात. घोडी थेट दांडीच्या टोकावर. दांडीवर वीस-चोवीस पडदे, आणि जुन्या बिनेत हे पडदे मेणात पक्के बसवलेले असतात. सतारीसारखे दोऱ्याने बांधून वरखाली सरकवता येत नाहीत. मुख्य तारा चार. शिवाय चिकारीच्या दोन-तीन आणि पलीकडच्या अंगाला लरजेची एक. दांडीच्या टोकाला मोर किंवा मगरीचं तोंड कोरलेलं असतं. गिऱ्हाईक बहुधा त्या मोराकडे बघत राहतं, आणि विकणाऱ्याला तेच हवं असतं.

या रचनेमुळे आवाज लहान राहतो, पण खूप खोल जातो आणि बराच वेळ टिकतो. एकदा तार छेडली की ती विझेपर्यंत डाव्या हाताने तिला ओढून त्याच आघातात चार-पाच सूर काढता येतात. ही मींड बिनेचा प्राण आहे, आणि धृपदाचा आलाप या वाद्यावर एवढा शोभतो तो तिच्यामुळेच. आघात कमी, सूर जास्त. हे वाद्य दरबारात कुणासमोर वाजत होतं ते लक्षात घेतलं, तर त्याचा लहान आवाज दोष वाटत नाही. ऐकणारे मोजके असत आणि जवळ बसत.

अकबराच्या काळातल्या एका चित्राचा उल्लेख इथे करायला हवा. मन्सूर या चित्रकाराने काढलेलं नौबतखाँ कलावंताचं चित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मन्सूर पुढे जहांगिराच्या दरबारात पशुपक्ष्यांच्या चित्रांसाठी नावाजला. इथे त्याच बारकाईने त्याने बीनकार रंगवला आहे. नौबतखाँ उभा आहे आणि त्याच्या खांद्यावर बीन आहे. परंपरा सांगते की तो तानसेनाचा जावई, आणि मुलीकडच्या त्या वंशात बीन चालत राहिली. वंशावळीच्या बाबतीत घराण्यांचा शब्द मी जरा हात राखूनच घेतो. पण एक गोष्ट निर्विवाद आहे: बीन ही घरातल्यांनाच शिकवायची विद्या मानली जात असे. बाहेरच्या शिष्याला बिनेचं अंग द्यायचं पण बीन द्यायची नाही, म्हणून एका उस्तादाने त्याला मोठी, खर्जाची सतार धरायला लावली आणि त्यातून सुरबहार आला, अशी कथा आहे. कथा खरी असो वा नसो, एकोणिसाव्या शतकात सुरबहार पुढे आला आणि बीन मागे पडली, हे तर दिसतंच. विद्या घरात कोंडली, आणि पुढे घरच उरलं नाही. ख्याल, सतार आणि सरोद यांचा जोर वाढला, मोठ्या सभागृहांत तिकीट काढून येणारा श्रोता आला. मायक्रोफोन येईपर्यंत बिनेला या गर्दीत जागा नव्हती, आणि तो आला तोवर वाजवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले होते.

महाराष्ट्राचा या वाद्याशी संबंध वरवरचा नाही. एकोणिसाव्या शतकातले सर्वांत नावाजलेले बीनकार बंदे अली खाँ आयुष्याच्या अखेरीस पुण्यात होते. त्यांचं निधन इथेच झालं आणि त्यांची कबरही पुण्यातच आहे. त्यांचे शिष्य मुरादखाँ यांच्या परंपरेतून बीन मराठी घरांत शिरली. शिवरामबुवा दिवेकर आणि त्यांचे पुत्र हिंदराज दिवेकर यांनी पुण्यात ती वाजती ठेवली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ गायक म्हणून सगळ्यांना माहीत आहेत. ते बीनही वाजवत आणि वाद्यांची दुरुस्ती स्वतः करत, हे कमी जणांना ठाऊक असतं. त्यांच्या गायकीतला तो एकेका सुरावर रेंगाळणारा आलाप बिनेपासून वेगळा काढता येईल असं मला वाटत नाही. पुढच्या काळात बीनकार झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) उदयपूरहून मुंबईत आले, चेंबूरला राहिले आणि पनवेलजवळ पळस्प्याला त्यांनी गुरुकुल उभारलं. आज ती तालीम त्यांचे पुत्र बहाउद्दीन डागर चालवतात. म्हणजे बीन शिकण्यासाठी मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही.

आता वाद्य निवडण्याकडे. विकणारा पहिल्यांदा वय सांगतो, आणि सांगताना शंभराच्या खाली येत नाही. वयाला या बाबतीत मी शेवटची जागा देतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय वाद्यं दाखवण्यासाठी आणि भेट देण्यासाठीही बनत होती. कलकत्त्याचे राजा शौरींद्रमोहन टागोर यांनी जगभरच्या संग्रहालयांना आणि राजांना वाद्यांचे संच पाठवले. ब्रुसेल्सला १८७६ साली गेलेला संच प्रसिद्ध आहे. असल्या हेतूने बनवलेल्या वाद्यांत हस्तिदंताची नक्षी आणि सोनेरी वेल यांना जेवढं महत्त्व, तेवढं दांडीच्या आतल्या पोकळीला मिळेलच असं नाही. त्यामुळे एखादी बीन खरोखर दीडशे वर्षांची असूनही कधीच मनापासून वाजलेली नसेल, असं होऊ शकतं. उलट काळीकुट्ट, पॉलिश उडालेली, पडद्यांवर तारेच्या घासणीने खाचा पडलेली बीन दिसली तर थांबावं. त्या खाचा म्हणजे कुणीतरी तिच्यावर वर्षानुवर्षं रियाज केल्याची नोंद आहे. भिंतीवर टांगून ठेवलेल्या वाद्यावर त्या पडत नाहीत.

दांडी सर्वांत आधी बघावी. एक डोळा मिटून घोडीच्या टोकाकडून खुंट्यांच्या दिशेने नजर टाकली की बाक कळतो. वर्षानुवर्षं ताणलेल्या तारा तशाच राहिल्या असतील तर दांडी पुढे वाकते; एका बाजूला पिळली असेल तर प्रकरण अधिकच बिकट. थोडा बाक पडद्यांची उंची कमीजास्त करून सांभाळता येतो, पीळ नाही. त्यानंतर भोपळे. ते बोटाने हलके टिचकावे. चिरलेला भोपळा दबका बोलतो. चिरेची फार भीती नको, सरस आणि आतून लावलेली पट्टी यांनी ती सांधता येते. कीड मात्र घातक. आतून कण गळत असतील, बारीक भोकांतून भुकटी पडत असेल, तर तो भोपळा बदलण्यालाच आला. खुंट्या झिजल्या असतील, तारा गंजल्या असतील, मेण वाळून पडदे डुगडुगत असतील, तर ते सगळं नव्याने होतं. त्यापायी सौदा मोडू नये.

घोडीबद्दल कायद्याची एक गोष्ट आहे. जुन्या बिनांच्या घोड्या हस्तिदंताच्या किंवा सांबरशिंगाच्या असत. दांडीवरची पानंफुलंही पुष्कळदा हस्तिदंताची. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि नंतरच्या दुरुस्त्या यांच्यामुळे हस्तिदंताचा व्यापार हा आज गुन्हा आहे, आणि ‘वाद्यावरचाच तुकडा आहे, जुना आहे’ ही सबब विकणाऱ्याच्या तोंडी शोभते, घेणाऱ्याला वाचवत नाही. परदेशातून आणायची किंवा परदेशात न्यायची असेल तर तिथले नियम आणखी कडक आहेत. माझं मत स्पष्ट आहे: हस्तिदंत असलेली बीन घेण्याच्या फंदात पडू नये. वारसाहक्काने घरात असेल तर आधी वनखात्याकडे चौकशी करावी. वाजवण्यासाठी उंटाच्या हाडाची, शिसवीची किंवा आता मिळणाऱ्या कृत्रिम पदार्थाची घोडी चालते. फरक पडतो का? पडतो. पण चांगल्या हाताने बसवलेली हाडाची घोडी वाईट बसवलेल्या हस्तिदंतापेक्षा कितीतरी सरस बोलते.

आणि इथे जवारी, म्हणजे घोडीच्या माथ्याची घडण, येते. बिनेची, सतारीची, तंबोऱ्याची घोडी व्हायोलिनच्या घोडीसारखी धारदार नसते. ती रुंद आणि अगदी किंचित गोलाई दिलेली असते. कंप पावणारी तार त्या गोलाईला क्षणोक्षणी चाटत जाते. तारेची कंपणारी लांबी त्यामुळे सतत बदलत राहते आणि मूळ सुराबरोबर वरचे स्वर उमलत जातात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. एखाद्या ठिकाणी तार छेडली की त्या ठिकाणी निश्चल बिंदू असलेले वरचे स्वर ऐकू येऊ नयेत, असा पाश्चात्त्य भौतिकशास्त्राचा एक जुना नियम होता. तंबोऱ्यावर आणि वीणेवर तो चालत नाही, ते स्वर स्पष्ट ऐकू येतात, हे रामन यांनी दाखवलं आणि त्याचं श्रेय घोडीच्या या रुंद माथ्याला दिलं. नोबेल त्यांना नऊ वर्षांनी, दुसऱ्याच कामासाठी मिळालं. कारागिराला मात्र हा निबंध वाचावा लागत नाही. तो कानस घासतो, तार चढवतो, ऐकतो, उतरवतो, पुन्हा घासतो. केसभर जास्त घासलं तर आवाज पातळ होऊन झिणझिणतो. कमी घासलं तर तार मुकी राहते. खुली जवारी, बंद जवारी हे शब्द तो जिभेवर ठेवतो, पण माप कानातच असतं. नव्या घोडीची जवारी लावून झाली की काही महिन्यांत तारेच्या घर्षणाने ती पुन्हा उतरते, म्हणून कारागिराशी नातं एका भेटीत संपत नाही.

हा कारागीर कुठे मिळतो? मराठी माणसाला पहिलं उत्तर मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यांनी, तंतुवाद्यांचं काम हाती घेतलं. फरीदसाहेब शिकलगारांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. हत्यारांचे दिवस संपत आले होते, आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने गाणं-बजावणं वाढत होतं. शिकलगारांच्या वंशजांच्या दुकानांची रांग आजही सतारमेकर गल्लीत आहे, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात ते सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या शेतांतून. ते तिथे वेलावरच मोठे होऊ देतात आणि महिनोन्महिने वाळवतात. मिरज ओळखली जाते सतारीसाठी आणि तंबोऱ्यासाठी. बीन तिथल्या हातांना रोजची नाही. तरी भोपळा सांधणं, पॉलिश, खुंट्या आणि जवारी ही कामं तिथे निश्चित होतात. दांडी बदलायची किंवा नवी बीन करून घ्यायची असेल तर मात्र बीनकाराला विचारूनच जावं. झिया मोहिउद्दीन डागर यांनी कलकत्त्याच्या कनाईलाल अँड ब्रदर्सकडून जाड दांडीची, मोठ्या भोपळ्यांची बीन घडवून घेतली. तिचा खर्ज वेगळाच होता. जाड तारांसाठी घडवलेलं ते वाद्य; जुन्या, हलक्या बिनेवर तसल्या तारा चढवणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नव्या गाडीला जुंपणं. जुनी बीन आधी पातळ तारांवर आणि उतरत्या सुरात लावावी, महिनाभर तशीच राहू द्यावी, आणि दांडी किती सोसते ते पाहून मग हळूहळू वर जावं.

दुरुस्तीबद्दल दोन मतं आहेत. संग्राहक म्हणतात, मूळ पॉलिश, मूळ मेण, मूळ घोडी यांना हात लावू नका. संग्रहालयाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातली वाद्यं कुणी वाजवायला काढावीत असं मी म्हणणार नाही. पण वाजवण्यासाठी घेतलेल्या बिनेचे तारा, घोडी, मेण, खुंट्या हे सगळे भाग झिजणारेच आहेत, आणि पूर्वीच्या बीनकाराने ते अनेकदा बदलले असणार. आज दिसणारी ‘मूळ’ घोडी बहुधा तिसरी-चौथी असते. म्हणून दांडी आणि भोपळे राखावेत, बाकी गरजेप्रमाणे बदलावं. नव्या रंगाचा हात मात्र देऊ नये. चपड्याच्या जुन्या पॉलिशवर मोटारीसारखा चकचकीत थर चढवलेल्या बिना पाहिल्या की वाईट वाटतं, आणि आवाजही कोंडतो.

शिकण्यातला पहिला वाद बसण्याचा आहे. जुनी पद्धत अशी: वज्रासनात बसायचं, वरचा भोपळा डाव्या खांद्यावर आणि खालचा उजव्या कुशीकडे. बीनकार असद अली खाँ (१९३७–२०११) शेवटपर्यंत तसेच बसले. त्यांच्या मते बीन अशी अंगाला बिलगल्याशिवाय तिचा खर्ज वादकाच्या शरीरात उतरतच नाही. झिया मोहिउद्दीन यांनी दक्षिणेकडच्या वीणेसारखी ती आडवी धरली. त्यांच्या जड वाद्याला ते सोयीचं होतं, आणि डावा हात मींडेसाठी मोकळा राहत होता. दोन्ही बाजूंचे शिष्य आपलीच बैठक शास्त्रोक्त म्हणून सांगतात. नवख्याने गुरूची बैठक निमूट स्वीकारावी. मात्र चाळिशीनंतर शिकायला सुरुवात केलेल्याने वज्रासनाचा हट्ट धरला, तर बीन शिकण्याआधी गुडघ्याचा डॉक्टर गाठावा लागतो, हेही लिहून ठेवतो.

दुसरी अडचण उजव्या हाताची. तर्जनी आणि मध्यमा यांच्यावर तारेच्या नख्या, करंगळी चिकारीला. सतार शिकलेल्यांना वाटतं आपण पुढे आहोत. त्यांचा हातच आडवा येतो. सतारीचा हात ‘दिर दिर’ मागतो, बिनेला एका आघातानंतर थांबणारा हात हवा असतो. डावा हात आणखी हट्टी. बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची, तार मंद्र मध्यमात लावलेली, पुढच्या तारा षड्ज, पंचम आणि अतिमंद्र षड्जाच्या. म्हणजे खालच्या सप्तकांचा मोठा मुलूख. तिथे जाड पितळी तार ओढून मींड काढायची तर बोटाला घट्टा पडेपर्यंत कळ सोसावी लागते. पहिले काही महिने खर्जाच्या पंचमावर जाऊन नुसतं थांबणं, हीच तालीम असते. गुरू बोलतो कमी. तो गातो, आणि आपण वाद्यावर तेच शोधायचं. म्हणून ज्याला गळ्याने सा लावता येत नाही, त्याला आधी धृपदाच्या गायकाकडे वर्षभर धाडणारे बीनकार आहेत, आणि ते योग्य करतात.

ध्वनिमुद्रणं पुष्कळ मिळतात. ती ऐकावीत, पण त्यांच्यावरून शिकू नये. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन बिनेच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे तिचा आवाज खोलीत असतो त्यापेक्षा कितीतरी मोठा आणि भरीव ऐकू येतो. तसा आवाज आपल्या बिनेतून यावा म्हणून विद्यार्थी जोरजोराने छेडतात, तार पडद्यावर आपटते आणि मींड तुटते. त्यापेक्षा एखादी मैफल, तीही छोट्या खोलीत, समोर बसून ऐकावी. आणि पखवाजाची संगत मागायची घाई करू नये. चौताल-धमार येण्याआधी आलाप आणि जोड यांचं मोठं काम आहे, आणि त्यात ठेका लागत नाही. गुरूला विचारल्यावाचून पखवाजवाल्याला घरी बोलावलं की दोघांचाही वेळ जातो, आणि चहाचा खर्च वेगळा.